माडीवरचा कॉम्प्युटर, खालचा टीव्ही: फाइल पोचवायला कुठला रस्ता धरावा?

पंचवटीतल्या मामांचा फोन आला की विषय दोनच असतात. पावसाळ्यात गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते, आणि एरवी, "अरे, टीव्हीवर फोल्डर दिसत नाहीये. काल तर दिसत होतं." मी राहतो इंदिरानगरला. द्वारका चौकातून गाडी काढत तिथे पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, आणि पोचल्यावर कळतं की माडीवरचा कॉम्प्युटर झोपला होता, एवढंच.

मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले तेव्हापासून त्यांनी घरातले जुने फोटो, कॅसेटवरून उतरवलेलं ताईचं लग्न, कीर्तनांची रेकॉर्डिंग्ज असं सगळं माडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये गोळा केलंय. टीव्ही खाली. मधे वाड्याची भिंत, दीड हात जाड. हे सगळं खाली बसून बघता यावं म्हणून आम्ही एकेक करत पाच रस्ते चालून पाहिले. तुम्हीही त्याच पेचात असाल, तर माझं मत आधीच सांगून टाकतो. वेगाचे आकडे बघून निवडू नका. बंद पडेल तेव्हा घरात कोण असणार आहे आणि त्या माणसाला ते चालू करता येईल का, ते बघा. बंद तर सगळंच पडतं. प्रत्येकाचं दुखणं तेवढं वेगळं असतं.

दोघं एकाच नेटवर्कवर आहेत ना?

कुठलाही रस्ता निवडण्याआधी हे तपासा, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, दिसतो. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' दिलं की तिथलाही दिसतो. एक १९२.१६८.१.७ आणि दुसरा १९२.१६८.१.१२ असेल तर ठीक. पण एक १९२.१६८.१ ने आणि दुसरा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर घरात दोन राउटर आहेत आणि दोघांनी आपापला वेगळा संसार थाटलाय.

मामांकडे नेमकं हेच होतं. फायबरवाल्याने खाली एक डबा बसवला. माडीवर रेंज येईना म्हणून मामांनी एम. जी. रोडवरून दुसरा राउटर आणून त्याला जोडला. इंटरनेट दोन्हीकडे छान, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. उपाय पाच मिनिटांचा: वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाकायचं. मग पत्ते वाटायचं काम एकटा खालचा डबा करतो.

टीव्ही चुकून 'गेस्ट' वायफायवर असला तरी असंच होतं. गेस्ट वायफायचा हेतूच मुळी पाहुण्याला इंटरनेट द्यायचं, पण घरातली कपाटं दाखवायची नाहीत, हा असतो. आणि घरून काम करणाऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा, चालू असेल तर बऱ्याचदा तो लॅपटॉप घरच्या नेटवर्कला पाठ फिरवतो. व्हीपीएन बंद करून बघा, मगच बाकीचं.

पूर किती ते जसं मारुतीकडे बघून कळतं, तसं वाट मोकळी आहे की नाही हे पिंगवरून, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारणाऱ्या कमांडवरून, कळतं. टीव्ही चालू ठेवून कॉम्प्युटरवरून त्याच्या पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं, तर रस्ता आहे. दोष मग कुठल्या तरी परवानगीत किंवा सेटिंगमध्ये.

विंडोजचं शेअर फोल्डर

सगळ्यात जास्त चालणारा आणि सगळ्यात जास्त छळणारा रस्ता हाच. त्यामागच्या भाषेचं नाव एसएमबी. कॉम्प्युटरवर फोल्डर 'शेअर' करायचं आणि टीव्हीवर व्हीएलसी किंवा कोडी असं व्हिडिओ बघायचं ॲप टाकून तिथून ते उघडायचं. वेगळा सर्व्हर लागत नाही, पैसे लागत नाहीत, फाइल दोन्ही दिशांना जाते, व्हिडिओबरोबर पीडीएफही जातं. मोठी जमेची बाजू म्हणजे तेच फोल्डर फोनवरून आणि दुसऱ्या लॅपटॉपवरूनही उघडतं.

आता दुखणी. पहिलं, विंडोज तुमच्या वायफायला 'पब्लिक' समजत असेल तर ते शेअरिंगची दारं लावून घेतं. नवीन राउटर बसवला की हे हमखास होतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला 'प्रायव्हेट' करा, आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू आहे ना ते बघा. बाहेरचा अँटिव्हायरस घेतला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्यांना अडवणारी राखण, असते. ती विंडोजचं ऐकत नाही, तिला वेगळं सांगावं लागतं.

दुसरं दुखणं पासवर्डचं, आणि इथे शहाणीसुरती माणसंही अडकतात. कॉम्प्युटर उघडताना तुम्ही चार आकडी पिन टाकता. तो पिन त्या एकाच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. टीव्ही पासवर्ड विचारतो तेव्हा त्याला खात्याचा खरा पासवर्ड हवा असतो, जो दोन वर्षांपूर्वी टाकला आणि विसरला. माझा सल्ला, तो आठवत बसू नका. आपलं मुख्य खातं टीव्हीला द्यायचंच कशाला? विंडोजमध्ये एक साधं लोकल खातं काढा, त्याला वेगळा पासवर्ड द्या आणि त्या फोल्डरवर फक्त वाचायची परवानगी द्या. परवानगी मात्र दोन ठिकाणी बघावी लागते: 'शेअरिंग'च्या पानावर आणि 'सिक्युरिटी'च्या पानावर. दोघांत जी कडक असेल ती लागू होते. एकीकडे 'एव्हरीवन' लिहून निश्चिंत झालेली आणि दुसरीकडे नावच न घातलेली मंडळी मी भरपूर पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही होतो.

तिसरं: 'नेटवर्क'च्या यादीत कॉम्प्युटर दिसतच नाही. दिसला नाही म्हणजे तो नाही, असा अर्थ काढू नका. ती यादी जमवणारी जुनी यंत्रणा एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर उभी होती आणि ती आवृत्ती २०१७ च्या शरदातल्या विंडोज १० पासून नव्या मशीनवर बसवलीच जात नाही. टीव्हीवरच्या ॲपमध्ये 'सर्व्हर जोडा' असा पर्याय असतो. तिथे नाव न देता सरळ आयपी पत्ता द्या. यादीत कधीच न दिसलेलं मशीन पत्त्याने हाक मारल्यावर बहुतेक वेळा ओ देतं.

मग तो पत्ताच बदलतो. राउटर दिवे गेले-आले की नवे पत्ते वाटू शकतो आणि मामांचं "काल दिसत होतं" इथूनच सुरू होतं. राउटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' नावाची सोय असते. कॉम्प्युटरचा पत्ता तिथे कायमचा बांधून टाका. दुसऱ्या विंडोज मशीनवरून '०एक्स८००७००३५' असा आकडा आला, तर त्याचा अर्थ 'त्या पत्त्यावर कुणी सापडलं नाही' एवढाच. घाबरू नका, पत्ता आणि फायरवॉल या दोनच गोष्टी आधी बघा.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. 'एसएमबी १.० चालू करा, लगेच दिसेल' असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. खरंच दिसतं. पण १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयंसुद्धा ठप्प झाली, तो याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. त्या भोकाचं ठिगळ दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं ते बुडाले. मुलांचे फोटो असलेल्या मशीनवर ते दार पुन्हा उघडायचं कारण नाही. कोडीच्या सेटिंगमध्ये एसएमबीची किमान आवृत्ती निवडता येते. जुनी खोकी दुसरी आवृत्ती बोलत नसतील, तर पुढचे रस्ते आहेत.

डीएलएनए आणि त्याचा शहाणा भाऊ

टीव्ही अँड्रॉइडचा नसेल, त्यावर व्हीएलसी चढत नसेल, तर बहुतेक वेळा टीव्हीत डीएलएनए, म्हणजे नेटवर्कवरची गाणी-व्हिडिओ थेट टीव्हीवर लावायची सोय, आधीपासून असतं. विंडोजमध्ये 'मीडिया स्ट्रीमिंग' चालू केलं की टीव्हीच्या 'सोर्स'मध्ये कॉम्प्युटरचं नाव येतं. पासवर्ड नाही, पत्ता नाही, रिमोटने दोन बटणं. मामी खूश झाली होती.

हे चालतं दवंडीवर. कॉम्प्युटर सगळ्या नेटवर्कला ओरडून सांगतो की मी इथे आहे, माझ्याकडे गाणी आहेत, व्हिडिओ आहेत. काही राउटर आणि रेंज वाढवणारे डबे ही दवंडी पुढे जाऊ देत नाहीत. मग पिंग लागतं, शेअर फोल्डर उघडतं, पण डीएलएनएचं नाव काही येत नाही, आणि माणूस चक्रावतो. शिवाय पत्ता हाताने द्यायची सोय टीव्हीच्या ॲपमध्ये सहसा नसते. म्हणजे दवंडी ऐकू आली नाही तर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. याच कारणासाठी मी हा रस्ता दुसऱ्या नंबरावर ठेवतो, एरवी सोपेपणात याचा हात कुणी धरणार नाही.

दुसरी कटकट फॉरमॅटची. टीव्हीला जो प्रकार वाचता येत नाही, तो एक तर यादीत येत नाही किंवा आवाज येतो आणि पडदा काळा. लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या जुन्या एव्हीआय फाइलींचं असंच झालं. आणि पासवर्ड नाही ही सोय आहे तशी गैरसोयही. त्या वायफायवर येणाऱ्या कुणालाही तुमची यादी दिसू शकते.

यावर तोडगा म्हणजे जेलीफिन. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या प्रकल्पातून फुटून निघालं. कॉम्प्युटरवर बसवायचं, फोल्डर दाखवायचं, आणि टीव्हीवर त्याचं ॲप किंवा ब्राउझर उघडून कॉम्प्युटरचा पत्ता आणि पुढे ८०९६ हा पोर्ट, म्हणजे त्या प्रोग्रामच्या दाराचा नंबर, द्यायचा. इथे पत्ता देता येतो, हे महत्त्वाचं. टीव्हीला न झेपणारी फाइल ते चालता चालता बदलून देतं. मात्र तेवढा वेळ कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा घोंघावतो आणि जुनं मशीन असेल तर चित्र अडखळतं. सिनेमांचा संग्रह मोठा असेल आणि घरात एक जण हौशी असेल तर हेच घ्या. कागदपत्रं किंवा एक्सेलच्या फाइली न्यायच्या असतील तर हा रस्ता तुमचा नाही.

एफटीपी

नेटवर्कवरून फाइल पाठवायची ही जुनी पद्धत, हिच्याबद्दल थोडक्यात. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला गेला, तो अभय भूषण यांनी, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून निघून एमआयटीत गेलेल्या माणसाने. पन्नास वर्षं उलटून गेली तरी फोनमधून कॉम्प्युटरवर ढीगभर फोटो ओढायला ते आजही कामाचं आहे. फोनवर एफटीपी सर्व्हरचं ॲप चालू करायचं, ते दाखवेल तो पत्ता विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये टाकायचा. ब्राउझरमध्ये टाकू नका. क्रोमने २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला.

त्याहून मोठा उपयोग दुकान-ऑफिसात आहे. जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन 'स्कॅन टू फोल्डर' करत होतं आणि नवा कॉम्प्युटर आल्यावर थांबलं, ही तक्रार शरणपूर रोडवरच्या एका ओळखीच्या सीए ऑफिसात मी स्वतः निस्तरली. मशीनला एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येत होती. मशीन बदलायची गरज पडली नाही, आणि ते भोकही उघडावं लागलं नाही. कॉम्प्युटरवर फाइलझिला सर्व्हर बसवला आणि स्कॅनरला एफटीपीचा पत्ता दिला. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, म्हणून तो ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरता ठेवा आणि दुसरीकडे कुठे वापरत नाही असाच पासवर्ड द्या.

पेन ड्राइव्ह

हसू नका. आठवड्यातून एकदा एखादी फाइल न्यायची असेल तर यापुढे सगळे रस्ते फिके. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. पेन ड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. 'फाइल फार मोठी आहे' अशा वळणाचा संदेश येतो आणि माणूस जागा करायला फाइली पुसत बसतो. आणि एक्सएफएटी केलं तर काही जुने टीव्ही ओळखत नाहीत, तिथे एनटीएफएस चालून जातो. टीव्हीच्या पुस्तिकेत बघून घ्या.

राउटरला हार्डडिस्क, किंवा नॅस

नाशिकच्या बऱ्याच घरांत असतं तसं मामांकडेही आहे: इन्व्हर्टरवर टीव्ही, पंखे आणि राउटर. कॉम्प्युटर नाही. दिवे गेले की वरचा कॉम्प्युटर गेला, आणि खाली अर्ध्यावर आलेलं कीर्तनही गेलं. म्हणून मी राउटरच्या यूएसबीला हार्डडिस्क लावून पाहिली. डिस्क राउटरबरोबर इन्व्हर्टरवर, कॉम्प्युटर झोपो की बंद असो.

पहिले काही महिने उत्तम. मग मामांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली आणि डिस्क उघडेना. पडद्यावर इंग्रजीत लांबलचक वाक्य: तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न पटवता येणाऱ्या पाहुण्याला प्रवेश नाही. मामांचा फोन, "कुठली ऑर्गनायझेशन? मला रिटायर होऊन किती वर्षं झाली!" त्यांना वाटलं प्रेसने काही केलं.

झालं होतं असं: या आवृत्तीपासून विंडोज ११ च्या 'प्रो' प्रकारातही 'गेस्ट' म्हणून शेअरवर जाणं मुळातच बंद केलंय, शिवाय प्रत्येक देवाणघेवाणीवर सही हवी असा आग्रह आला. राउटरवर डिस्क 'गेस्ट'साठी उघडी ठेवलेली होती. तिथे नाव आणि पासवर्ड लावला, आणि डिस्क पुन्हा दिसली. प्रत्येकाचं इतकं सरळ होईल असं नाही. स्वस्त राउटर एसएमबीची पहिलीच आवृत्ती बोलत असतील तर त्यांच्यावर उपाय नाही. विकत घेण्याआधी दुकानदाराला हाच एक प्रश्न विचारा, आणि उत्तर 'सगळं चालतं' असं आलं तर दुसऱ्या दुकानात जा.

खरा नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवण्यासाठीच बनवलेला, डिस्क असलेला डबा. महाग, पण ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, लग्नाचे फोटोग्राफर किंवा अल्बम डिझाइन करणारे, त्यांनी इकडेतिकडे वेळ घालवू नये. जुना कॉम्प्युटर पडून असेल तर लिनक्स टाकून त्यावर सांबा बसवता येतो. सांबा हे ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने लिहिलेलं एसएमबीचंच रूप. एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारा शब्द शब्दकोशात शोधताना ते नाव सापडलं. फक्त नॅसमध्ये दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते.

शेजारी शेजारी ठेवून बघायचं तर:

| रस्ता | कुठे शोभतो | कुठे रुसतो | रुसला तर |
|---|---|---|---|
| शेअर फोल्डर | टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळे आहेत | पासवर्ड, बदलता पत्ता, झोपलेला कॉम्प्युटर | फोनवरून सांगून सुधारता येतं |
| डीएलएनए | साधा टीव्ही, फक्त बघणं-ऐकणं | दवंडी अडते, फॉरमॅट | राउटर बंद-चालू, पुढे नशीब |
| जेलीफिन | मोठा संग्रह | जुनं मशीन धापा टाकतं | हौशी माणूस घरात हवा |
| एफटीपी | फोनचे फोटो, जुना स्कॅनर | टीव्हीवर बघायला अवघड | सहसा रुसत नाही |
| राउटरची डिस्क | दिवे जातात तिथे | नव्या विंडोजशी भांडण | राउटरच्या पानात शिरावं लागतं |

वेगाबद्दल लोक विचारतातच, म्हणून एवढंच. बऱ्याच टीव्हींचं केबलचं भोक १०० मेगाबिटचं असतं, म्हणजे सेकंदाला फार तर ११-१२ मेगाबाइट. साध्या व्हिडिओला ते रग्गड. उलट टीव्ही राउटरच्या खोलीतच असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्या केबलहून वेगवान निघतं. पण वाड्याच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ पोचत नाही. तिथे केबलच ओढा. आम्ही माडीच्या जिन्याकडेने ओढली, मामीने तिच्यावर तोरण लावलंय.

शेवटी मामांकडे काय ठेवलं? शेअर फोल्डर, व्हीएलसी आणि बांधलेला पत्ता. डीएलएनए सोपं होतं, पण बिघडलं की मला जावं लागायचं. शेअर फोल्डर बिघडतं तेव्हा मी फोनवर तीन प्रश्न विचारतो: कॉम्प्युटर जागा आहे का, वायफाय 'प्रायव्हेट' आहे का, आणि कागदावरचा कॉम्प्युटरचा पत्ता टीव्हीच्या ॲपमध्ये घातलेल्या पत्त्याशी जुळतो का. विंडोजमध्ये 'स्लीप' कायमचं बंद करून टाकलं, त्यामुळे पहिला प्रश्न आता फक्त दिवे गेल्यावर विचारावा लागतो. कीर्तनं तेवढी राउटरच्या डिस्कवर हलवली, ती इन्व्हर्टरवर चालतात.

तो कागद टीव्हीच्या मागे चिकटवलेला आहे. आयपी पत्ता, खात्याचं नाव, पासवर्ड, फोल्डरचं नाव, एवढ्या चार ओळी. खाली मामांनी आपल्या ठसठशीत अक्षरात पाचवी ओळ वाढवली आहे: 'पिन टाकू नये.'